२६ वर्षं एकाच कंपनीत काढली, आता नोकरी शोधायची कुठून?

गोव्यातल्या शिरोड्याच्या एका भाऊंनी विचारलंय, त्याचं सार असं. वय ५२, बीएस्सी केमिस्ट्री, २६ वर्षं कुंडई इंडस्ट्रियल इस्टेटमधल्या एका औषध कंपनीत, लागले तेव्हा ट्रेनी आणि सोडताना पॅकिंगचे शिफ्ट इनचार्ज. कंपनीने पॅकिंग लाइन दुसऱ्या राज्यात हलवली, तिकडे चला नाहीतर हिशेब घ्या म्हणाले, यांनी हिशेब घेतला. मुलाने नोकरी डॉट कॉमवर अकाउंट काढून दिलं, चार महिने रोज अप्लाय करतायत, दोनच फोन आले, त्यातल्या एकीने 'करंट सीटीसी (कंपनीला वर्षाला पडणारा एकूण पगार) किती, एक्स्पेक्टेड किती' विचारलं, यांना पटकन सांगता आलं नाही आणि फोन संपला. प्रश्न तीन: हे वयामुळे होतंय का, एखादा कोर्स करू का, आणि लाइन परत सुरू होणार अशी कुजबुज आहे तर थोडं थांबू का.

मी बरीच वर्षं वेर्ण्यात प्लांट एचआर केलं आणि आता फार्मा आणि पॅकेजिंगवाल्यांना माणसं शोधून द्यायचं काम करतो, म्हणजे भाऊ, तुमचा अर्ज ज्या टेबलावर येऊन पडतो त्या टेबलावरचा मी माणूस.

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो कारण ते छोटं आहे. थांबू नका. गोव्यात ही कुजबुज आपण एकदा मोठ्या प्रमाणावर ऐकलीय, २०१२ साली खाणी बंद पडल्या, मग थोड्या चालल्या, मग सुप्रीम कोर्टाने ८८ लीज रद्द केल्या आणि मार्च २०१८ मध्ये परत सगळं थंड. डिचोली, सांगे, केपेकडचे कितीतरी सुपरवायझर, लॅबवाले, मशीन ऑपरेटर माझ्याकडे आले ते दोन-दोन वर्षं 'सुरू होणार' ऐकत घरी बसून मग आले, आणि तोपर्यंत बायोडेटातली ती रिकामी जागा समजावून सांगणं हेच अर्धं काम होऊन बसलं होतं. लाइन सुरू झाली तर तुम्हाला बोलावतीलच, तुमचा नंबर त्यांच्याकडे आहे. तोवर दुसरीकडे लागलात म्हणून तो दरवाजा काही बंद होत नाही.

आता वय. वय आड येतं, नाही येत म्हणणारा खोटं बोलतो. पण तुमच्या बाबतीत वयापर्यंत गोष्ट पोचतच नाहीये, त्याच्या आधीच अडतेय. तुम्ही काय काम करता हे तुमच्या कंपनीबाहेर कुणालाच माहीत नाही. २६ वर्षांत तुम्हाला ते कुणाला सांगायची वेळच आली नाही, अप्रेझल करणारा साहेब रोज डोळ्यांसमोर बघत होता, क्यूएवाल्यांना (क्वालिटी बघणाऱ्यांना) माहीत होतं कुठल्या शिफ्टचे बीपीआर, म्हणजे बॅच पॅकिंग रेकॉर्ड, स्वच्छ येतात, मेंटेनन्सवाल्याला माहीत होतं ब्लिस्टर मशीन (गोळ्यांची पाकिटं करणारं) अडलं की कुणाला बोलवायचं. म्हणजे तुमच्या कामाचा सगळा पुरावा लोकांच्या डोक्यात आहे, कागदावर काही नाही. आणि आता ते लोक आणि तुम्ही वेगवेगळ्या ठिकाणी.

पण नीट बघा, हीच तुमची सगळ्यात मोठी मालमत्ता आहे. २६ वर्षं एका जागी राहिलात म्हणजे २६ वर्षं तुमच्या समोरून माणसं सोडून गेलीत. तुमच्या हाताखाली ट्रेनी म्हणून आलेली मुलं आज वेर्ण्यात, पिळर्णात, खोर्लीत, बेतोड्यात मॅनेजर आहेत. त्यातली काही अहमदाबाद-हैदराबादला गेली असतील, तीही चालतील, त्यांचे मित्र इथे आहेत. ऑनलाइन अर्जाच्या ढिगात तुम्ही ५२ वर्षांचे एक अनोळखी गृहस्थ आहात, आणि त्या मुलाच्या डोक्यात तुम्ही कोण, तर ज्यांनी लाइन क्लिअरन्स (नवीन बॅचआधी लाइन रिकामी-स्वच्छ आहे का तपासणं) करायला शिकवलं ते सर. सांगा बघू कुठून काम होईल.

म्हणून पहिला आठवडा कॉम्प्युटर बंद ठेवा आणि एक वही घ्या. साल आठवत आठवत नावं काढा, कोण कधी आलं, कधी सोडून गेलं, आता कुठे आहे. ५०-६० नावं सहज निघतील. फक्त आपल्या डिपार्टमेंटची नको, क्यूएची मुलगी जी लग्न होऊन मडगावला गेली ती सध्या कुठे आहे, स्टोअरचा तो फोंड्याचा मुलगा कुठे आहे. आणि ज्यांचा विचार लोक कधीच करत नाहीत ते म्हणजे बाहेरून येणारी माणसं. कार्टन आणि फॉइल सप्लाय करणाऱ्यांचे प्रतिनिधी, ब्लिस्टर मशीनचा सर्व्हिस इंजिनियर, वजनकाटे कॅलिब्रेट करायला येणारा, लेबर कॉन्ट्रॅक्टर. ही माणसं दर आठवड्याला पाच प्लांटमध्ये जातात, कुठे नवीन लाइन लागतेय, कुठला इनचार्ज सोडून गेला हे त्यांना जाहिरात यायच्या आधी कळतं. मला स्वतःला अर्ध्या बातम्या एका फॉइलवाल्याकडून मिळतात, आता त्याचं नाव सांगणार नाही, नाहीतर उद्यापासून सगळे त्याच्या मागे लागतील.

यांना मेसेज कसा पाठवायचा हे महत्त्वाचं, कारण बहुतेक जण इथेच घालवतात. 'कंपनी बंद झाली, काही असेल तर बघ' असा मेसेज मलाही येतो, रोज येतो, मी 'हो बघतो' म्हणतो आणि विसरतो. मनात नसतं असं नाही, पण बघू काय? कशासाठी? कुठे? समोरच्याला काही करता येईल असं त्याच्या हातात द्यावं लागतं. साधारण असं लिहा, कोकणीत लिहिलंत तर आणखी चांगलं:

'नमस्कार, ओळखलंस ना, पॅकिंगमधून बोलतोय. आमची लाइन गोव्यातून हलवली, मी हिशेब घेऊन बाहेर पडलो. ब्लिस्टर आणि बॉटल दोन्ही लाइन, तीन शिफ्ट, ऑडिट सगळं केलंय तुला माहीतच आहे. फोंडा, वेर्णा, खोर्ली कुठेही चालेल, शिफ्ट चालेल, लगेच जॉइन होऊ शकतो. तुझ्याकडे पॅकिंगचं कोण बघतं आता? त्यांना माझा बायोडेटा तुझ्या हाताने दिलास तर बरं होईल, दोन पानी आहे, पाठवू का?'

यात नोकरी दे असं कुठेच नाही. एक नाव विचारलंय आणि एक छोटं काम सांगितलंय, ते कुणीही करतो. वर बऱ्याच कंपन्यांत रेफरलने माणूस लागला तर देणाऱ्याला पैसे मिळतात, त्यामुळे उपकार मागतोय असं वाटून घेऊ नका. दहा दिवसांनी एकदा आठवण करायची, त्यानंतर नाही. आणि लाज. २६ वर्षं ज्यांना हुकूम सोडला त्यांना आता मेसेज करायचा हे जड जातं, मला माहीत आहे, लोक बायकोला सांगतात मेसेज केला म्हणून आणि केलेला नसतो. त्यावर माझ्याकडे काही गोड औषध नाही. पहिले पाच मेसेज वाईट वाटतं, मग सवय होते.

बायोडेटा. तुम्ही मुलाच्या हातून पाठवलेला मी बघितला, चार पानं, पहिल्या पानावर फोटो, वडिलांचं नाव, जन्मतारीख, मॅरिटल स्टेटस, छंद – वाचन आणि भजन. (भजन मलाही आवडतं, पण पॅकिंग मॅनेजरला त्याचं काय.) आणि अनुभवाच्या जागी एकच ओळ: 'पॅकिंग विभागाची संपूर्ण जबाबदारी सांभाळली.' २६ वर्षं एका ओळीत मारून टाकलीत हो.

पहिली गोष्ट, एक कंपनी म्हणजे एक नोकरी नव्हे. तुम्ही ट्रेनी होतात, मग केमिस्ट, मग ऑफिसर, मग शिफ्ट इनचार्ज. या चार वेगळ्या नोकऱ्या म्हणून लिहा, प्रत्येकीची सालं घालून, वर कंपनीचं नाव एकदाच. वाचणाऱ्याला दिसलं पाहिजे की माणूस वर गेलाय, एका खुर्चीत बसून राहिलेला नाही. शेवटच्या आठ-दहा वर्षांना एक अख्खं पान द्या, त्याआधीच्याला दोन-दोन ओळी पुरे. आणि हुद्दा लिहिताना कंपनीतलं घरगुती नाव, ते एसओ-टू ग्रेड-फोर वगैरे, बाहेर कुणाला कळत नाही, शेजारी बाजारात चालणारं नाव टाका, पॅकिंग सुपरवायझर किंवा शिफ्ट इनचार्ज.

दुसरी गोष्ट, ती 'संपूर्ण जबाबदारी' फोडा. फोनवर मी तुम्हाला विचारत गेलो आणि तुम्ही सांगत गेलात त्यातून काय निघालं बघा: तीन ब्लिस्टर लाइन आणि एक बॉटल लाइन, शिफ्टला ४० माणसं, त्यातली निम्म्याहून जास्त कॉन्ट्रॅक्टवरची, चेंजओव्हरला (लाइन एका मालावरून दुसऱ्यावर बदलायला) आधी चार तास जायचे, चेंज पार्टच्या ट्रॉल्या लाइनप्रमाणे लावून घेतल्यावर अडीच तासांत व्हायला लागला, बीपीआर तपासून त्याच दिवशी क्यूएला, कार्टन-लेबलचं रिकन्सिलिएशन (किती घेतले, किती वापरले, किती उरले याचा ताळा), डेव्हिएशन (ठरलेल्या पद्धतीपेक्षा वेगळं काही) आलं तर कारण शोधून कापा (ते सुधारायचा आणि पुन्हा होऊ न देण्याचा उपाय) लिहायचं काम तुमचंच, परदेशी ऑडिटमध्ये पॅकिंग हॉल तुम्ही दाखवायचात. हे सगळं तुमच्या दृष्टीने 'त्यात काय एवढं, रोजचंच', पण माझ्यासारखा माणूस नेमके हेच शब्द शोधत असतो. आकडे मात्र असेच द्या ज्यावर कुणी उलट प्रश्न विचारला तर तुम्ही उत्तर देऊ शकाल, उगाच '३० टक्के उत्पादकता वाढवली' नको, ते सगळेच लिहितात. हो, आणि बोलता बोलता शेवटी म्हणालात की एफडीए (औषध प्रशासन) अप्रूव्हल आहे टॅब्लेटसाठी! अहो, हे बायोडेटाच्या पहिल्या ओळीत पाहिजे. लायसनवर मान्यताप्राप्त टेक्निकल माणूस दाखवावाच लागतो, छोट्या युनिटना तर तो मिळता मिळत नाही, आणि तुम्ही ते कागद कपाटात ठेवून भजन लिहिताय.

फोटो, वडिलांचं नाव, छंद काढून टाका. जन्मतारीख लिहायची गरज नाही, पण विचारली तर सरळ सांगायची, कमी करून सांगण्याचा विचारही नको, आधार आणि पीएफ दोन्हीकडे दिसते आणि मग वय राहतं बाजूला, खोटेपणा चिकटतो. साधा फॉर्मॅट, चौकटी-रंग नको कारण बऱ्याच कंपन्यांचं सॉफ्टवेअर चौकटीतला मजकूर नीट वाचत नाही. फाइलला नाव द्या स्वतःचं आणि कामाचं, 'फायनल न्यू टू' असं नाही. आणि जुन्या कंपनीचे एसओपी (कामाच्या लेखी पद्धती), बॅच रेकॉर्ड यांच्या झेरॉक्स बरोबर नेऊन इंटरव्ह्यूला दाखवू नका, लोक कौतुकाने दाखवतात आणि समोरचा मनात म्हणतो हा उद्या आमचेही कागद बाहेर नेईल.

आता नोकरी डॉट कॉम. ते वाईट नाही, पण आमच्या बाजूने कसं चालतं ते ऐका म्हणजे चार महिने काय झालं कळेल. मला पॅकिंग सुपरवायझर पाहिजे असेल तर मी सर्चमध्ये 'ब्लिस्टर पॅकिंग', 'बीपीआर' असे शब्द टाकतो, अनुभव ८ ते १५ वर्षं, लोकेशन गोवा, नोटीस पिरियड ३० दिवसांच्या आत, आणि गेल्या महिन्याभरात अॅक्टिव्ह असलेले. बटण दाबलं की तुम्ही गायब. तुम्हाला कुणी नाकारलं नाही, २६ वर्षं टाकलीत म्हणून तुम्ही यादीतच आला नाहीत. ८ ते १२ वर्षंवाल्या जाहिरातीवर रोज अप्लाय करून काही होत नाही ते यासाठी. अनुभव खोटा कमी करू नका, पण तिथे वेळही घालवू नका, तिथे वहीतल्या माणसामार्फतच जा. जिथे '१५ वर्षांच्या वर' लिहिलंय किंवा मर्यादाच नाही तिथे अप्लाय करा, 'की स्किल्स' या रकान्यात वर सांगितलेले शब्द भरा, नोटीस पिरियड सगळ्यात कमीचा ठेवा (तुमचा अजून ३ महिने दिसतोय!), आणि दर आठवड्याला आत जाऊन काहीतरी एक ओळ बदलून सेव्ह करा, म्हणजे प्रोफाइल ताजं दिसतं. लिंक्डइन काढा, साधं, फोटो स्वच्छ, रोज पोस्ट टाकायची काही गरज नाही, प्रेरणादायी सुविचार तर नकोच. त्याचा खरा उपयोग वहीतली माणसं आता कुठे आहेत ते शोधायला. ईमेल स्वतःचा, मुलाचा नको. आणि अनोळखी नंबर उचला, तुम्ही स्पॅम समजून कापता ते अर्धे फोन मुंबई-हैदराबादच्या भरतीवाल्यांचे असतात.

फोनशेजारी एक चिठ्ठी चिकटवा, त्यावर तीन आकडे: शेवटचा सीटीसी, हातात येणारा पगार, आणि तुमची अपेक्षा. सीटीसी म्हणजे महिन्याचा ग्रॉस गुणिले १२, त्यात कंपनीचा पीएफ, बोनस, ग्रॅच्युइटीची तरतूद, मेडिक्लेमचा हप्ता वगैरे धरून. जुनी माणसं हातात येणारा पगार सांगतात आणि समोरची तो सीटीसी समजते, तिथेच लाख-दीड लाखाचा फटका बसतो. अपेक्षा विचारली की 'तुम्ही द्याल ते' म्हणू नका, त्याचा अर्थ आमच्याकडे वाईट होतो. एक आकडा सांगायचा आणि 'कामाचं स्वरूप बघून बोलू' म्हणायचं.

आणि मनाची तयारी ठेवा, पगार थोडा कमी येऊ शकतो. २६ वर्षांची इन्क्रिमेंट साचून तुमचा पगार त्या कामाच्या बाजारभावापेक्षा वर गेलेला असतो. किती कमी चालेल हे घरी बसून आधीच ठरवा, इंटरव्ह्यूत नको. जाण्यायेण्याचा हिशेब धरून ठरवा. शिरोड्याहून बोरी पुलावरून लोटली करून वेर्ण्याला कंपनीची बस असेल तर गोष्ट वेगळी, स्वतःच्या स्कूटरवर रात्रपाळीला पावसात जायचं असेल तर वेगळी.

कुठे बघायचं म्हणाल तर सगळे मोठ्या नावांच्या मागे असतात, तिथे तुमच्या वयाला कठीण आहे, स्पष्टच सांगतो. तिथे ग्रेड ठरलेले, वयाचा अलिखित हिशेब असतो. मी तुमच्या जागी असतो तर छोट्या आणि मध्यम युनिटकडे गेलो असतो. कारण सुधारित शेड्यूल एम. औषध कारखान्यांसाठीचे हे जीएमपीचे (चांगल्या उत्पादन पद्धतीचे) नियम डिसेंबर २०२३ च्या अखेरीस निघाले, २५० कोटींच्या वर उलाढाल असलेल्यांना जुलै २०२४ पासून लागू झाले आणि छोट्यांची मुदत वाढवून ३१ डिसेंबर २०२५ पर्यंत दिली. ती संपली. म्हणजे आता कुंडई, बेतोडा, मडकईच्या ४०-५० माणसांच्या युनिटलाही डेव्हिएशन, चेंज कंट्रोल (बदलांची मंजुरी-नोंद), कापा, ट्रेनिंग रेकॉर्ड सगळं नीट ठेवावं लागतं, मालकाला औषध बनवता येतं पण कागद येत नाही, आणि नुकत्याच पास झालेल्या मुलाला कागद येतो पण माणसं हाताळता येत नाहीत. ज्याने मोठ्या कंपनीत ही शिस्त वर्षानुवर्षं पाळलीय असा माणूस तिथे हवा आहे. या कंपन्या जाहिरात देत नाहीत. इस्टेटमध्ये स्कूटर घेऊन जा, बोर्ड बघा, गेटवर एचआरचं नाव विचारा, बायोडेटा द्या. जुनी पद्धत आहे, अजून चालते, विशेषतः फोंड्यात.

फार्माच हवं असंही नाही. खाद्यपदार्थ, कॉस्मेटिक, मेडिकल डिव्हाइस, जिथे जिथे पॅकिंग लाइन आहे तिथे तुमचं काम आहे.

कोर्सबद्दल थोडक्यात. लाख-दीड लाख भरून ऑनलाइन मॅनेजमेंट डिप्लोमा करू नका, ५२ व्या वर्षी तो कुणी विचारत नाही. एक्सेल मात्र पाहिजे, मुलाकडून शिका, फिल्टर, पिव्हट, एवढं पुरे. सॅपवर (कंपन्यांचं मालाच्या नोंदींचं सॉफ्टवेअर) बुकिंग केलेलं असेल तर तसं लिहा.

इंटरव्ह्यू. आता पहिला राउंड बहुतेक व्हिडिओवर होतो, मोबाइल हातात न धरता कशाला तरी टेकवून ठेवा, उजेड तोंडावर, आणि पावसाळ्यात लाइट जाते तेव्हा दुसऱ्या सिमचा डेटा तयार. प्रश्न असा येतो: 'एखादं मोठं डेव्हिएशन सांगा.' तुमच्या वयाचे लोक इथे कंपनीचा इतिहास सुरू करतात, कंपनी कशी मोठी, सिस्टीम किती कडक, दहा मिनिटं झाली तरी डेव्हिएशन येत नाही. दोन मिनिटांत संपवा. काय झालं: रिकन्सिलिएशनमध्ये १२ कार्टन कमी. तुम्ही काय केलं: लाइन थांबवली, क्यूएला लगेच कळवलं, शिपर (बाहेरचे मोठे खोके) उघडून मोजले, मशीनच्या रिजेक्शन बिनच्या मागे सापडले. पुढे काय बदललं: बिनला झाकण आणि शिफ्टअखेर मोजणी. थांबा. तो पुढचा प्रश्न विचारेल.

दुसरा ठरलेला प्रश्न, कधी तोंडावर कधी आडून, की तुमचा बॉस ३५ वर्षांचा असेल, चालेल का. 'मला सगळे सारखेच' हे उत्तर पोकळ वाटतं. तुमच्याकडे खरं उदाहरण असणार, तुमचा शेवटचा मॅनेजर तुमच्यापेक्षा लहानच होता की, त्याच्याबरोबर कसं काम केलं ते सांगा. 'आमच्या वेळी' हे दोन शब्द मात्र गेटबाहेर ठेवून जा.

सरकारी नोकरीचं विचारलं नाहीत, पण घरचे म्हणत असतील. गोव्यात सरळ भरतीला साधारण ४५ ची वयोमर्यादा असते, तो विषय संपला. मुलाच्या सरकारी नोकरीसाठी कुणी पैसे मागत असेल तर २०२४ च्या शेवटी नोकरीसाठी पैसे घेतल्याची प्रकरणं कशी एकामागोमाग बाहेर आली ते आठवा. खाजगीतही तेच, रजिस्ट्रेशन, ट्रेनिंग, मेडिकल, लॅपटॉप डिपॉझिट, कुठल्याही नावाने पैसे मागितले की फोन ठेवा. मी कंपनीकडून पैसे घेतो, उमेदवाराकडून नाही. पैसे गेलेच तर लगेच १९३० ला, म्हणजे सायबर हेल्पलाइनला, फोन. गल्फचं कुणी सांगितलं तर एजंट ई-मायग्रेट या सरकारी साइटवर नोंदलेला आहे का बघा, त्याला उमेदवाराकडून ३०,००० रुपये आणि जीएसटी याच्यावर घ्यायची परवानगी नाही.

कागदपत्रांकडे आत्ताच लक्ष द्या, ऑफर आल्यावर धावाधाव होते. रिलिव्हिंग लेटर, एक्स्पिरियन्स लेटर, शेवटच्या तीन सॅलरी स्लिप, फॉर्म १६. पीएफच्या साइटवर यूएएनने (पीएफचा कायमचा नंबर) लॉगिन करून 'डेट ऑफ एक्झिट' भरलीय का बघा, कंपनीने भरली नसेल तर शेवटचा हप्ता जाऊन दोन महिने झाल्यावर तुम्हाला स्वतः भरता येते. आणि नाव! आपल्या गोव्यात हा खास घोळ आहे, दाखल्यावर नाईकचं स्पेलिंग शेवटी क्यू-यू-ई, आधारवर नुसता के, देसाईत एक एस की दोन, बापाच्या कागदावर पोर्तुगीज काळातलं आणि मुलाच्या कागदावर तिसरंच. नवीन कंपनीचं बॅकग्राउंड व्हेरिफिकेशन बाहेरची एजन्सी करते, तिथे बसलेल्या मुलाला हे काही माहीत नसतं, तो 'मिसमॅच' लिहून मोकळा होतो. पीएफमध्ये जॉइंट डिक्लरेशनने दुरुस्त होतं, वेळ लागतो, म्हणून आज सुरू करा.

पीएफ काढू नका, नवीन कंपनीत ट्रान्सफर करा. तुमची १० वर्षांहून जास्त सर्व्हिस झालीय म्हणजे ५८ ला पेन्शन आहे. ग्रॅच्युइटी स्वतः मोजा: शेवटचं बेसिक अधिक डीए (महागाई भत्ता), गुणिले १५, भागिले २६, गुणिले वर्षं. तुमची वर्षं नेमकी २६ असल्यामुळे हिशेब सोपा, बेसिक-डीए ३०,००० असेल तर ४,५०,००० झाले. नवीन लेबर कोडमुळे २१ नोव्हेंबर २०२५ पासून वेतनाची व्याख्या बदललीय, तेव्हा बेसिक अगदी लहान ठेवलेलं असेल तर कंपनीने कसं मोजलं ते कागदावर मागा. व्हीआरएस (स्वेच्छानिवृत्ती) म्हणून मिळालं असेल तर अटींत बसल्यास ५ लाखांपर्यंत कर नाही, सीएला दाखवा. कंपनीचा मेडिक्लेम गेला, तोवर गोवा सरकारच्या दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचं कार्ड चालू आहे का बघून ठेवा.

ऑफर आली की एक गोष्ट आधी वाचा, पत्र कुणाच्या लेटरहेडवर आहे. हल्ली प्लांट मोठ्या कंपनीचा आणि पत्र कॉन्ट्रॅक्टरचं असं बऱ्याचदा असतं. ते वाईटच असं नाही, तुमच्या वयाला तो आत शिरायचा रस्ताही असतो, मी अशी तीन-चार माणसं वर्षभरात कंपनीच्या रोलवर गेलेली बघितलीत. पण पीएफ कोण भरणार, कॉन्ट्रॅक्ट किती महिन्यांचं, रात्रपाळीला बस आहे का हे लिहून घ्या.

वही आजच काढा. एप्रिल-मे मध्ये इन्क्रिमेंटची पत्रं मिळाली की नाराज मंडळी राजीनामे देतात, जून-जुलैमध्ये जागा उघडतात. चवथीच्या आठवड्यात मात्र कुणाला फोन करू नका, कोणी उचलणार नाही, मीही नाही.